इंगोले साहेब बसायला आले

"दोघं एकाच गाडीवर?"

इंगोले साहेबांनी दार अर्धंच उघडलं होतं. अंगात बनियन, एका गालाला साबण, हातात रेझर. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागं, मग परत माझ्याकडं.

"ढवळे, तुम्ही यांना घेऊन आलात?"

"गाडी माझी, पेट्रोल त्यांचं," मी म्हणलं.

मागून भास्करआबा म्हणाले, "घाबरू नका साहेब. शाई फासायचं उद्याला आहे. आज नुसतं न्यायला आलाव."

शाईची बाटली आबांच्या पांढऱ्या शर्टाच्या वरच्या खिशात सरळ दिसत होती. पेनाच्या शेजारी. लपवायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

"मग आज कशाला आणली?" साहेब.

"उद्याच्या गडबडीत विसरायला नको. चॅनलवाले येणारेत. माणसाचं वय झालं की असंच असतं."

साहेबांनी दार पूर्ण उघडलं. मला वाटतं त्यांना तेव्हा हसू आलं असतं, पण चार दिवसांत त्यांना झोप नसावी. डोळे पार आत गेलेले.

आमच्या दाभोटीत मी आणि भास्करआबा टेकाळे एका गाडीवर बसणं हीच बातमी होती. मी तेव्हा बावीस-तेवीसचा. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, काम सगळं व्हिडिओ बघून शिकलेलं, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. वसंतभाऊंच्या पक्षाचा गावातला सोशल मीडिया मी बघायचो. भाऊ पंचायत समितीचे सभापती, सरकार आमचं. आबा विरोधी पक्षाचे जुने कार्यकर्ते. निवडणुकीत त्यांच्या पोरांनी माझ्या दुकानाचं शटर वाकवलं होतं, आणि आमच्या पोरांनी आबांच्या बॅनरला काय फासलं होतं ते इथं सांगत नाही. गावातून येताना पारावरची माणसं उठून उभी राहिली आमच्याकडं बघायला.

आम्हाला एका गाडीवर बसवलं होतं भामाकाकूनं.

तिचा नवरा रंगनाथ लोंढे बॅरेजच्या खालच्या डोहात मासे धरायचा. वरच्या धरणातून पाणी आलं, बॅरेजचे दरवाजे उघडले, आणि रंगनाथकाका जाळ्यासकट गेला. दुसऱ्या दिवशी खालच्या गावात सापडला. पेपरात आलं की खात्यानं भोंगा वाजवून इशारा दिला होता, पण मयत दारूच्या अंमलाखाली असल्यानं बाहेर आला नाही.

भोंगा वाजला नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण सगळ्या गावाला माहीत असणं आणि कुणी तोंडानं म्हणणं यात फार अंतर असतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी काकूच्या घरी दुखवट्याला बसायला गेलो. खरं सांगायचं तर भाऊंनी पाठवलं होतं. "तिला म्हण, सरकार तुझ्या पाठीशी आहे, मोर्चाबिर्चात जाऊ नको." गेलो तर ओसरीवर सतरंजी टाकलेली, आणि आबा आधीच बसलेले. त्यांनाही त्यांच्या पक्षानं पाठवलं होतं. त्यांना काकू उद्याच्या रास्ता रोकोला पुढं बसायला पाहिजे होती.

दोघांचं बोलणं काकूनं ऐकून घेतलं. उंबऱ्याच्या आत बसली होती, भिंतीला टेकून. रडून झालेलं होतं.

"त्या साहेबाला घेऊन या," ती म्हणाली.

"कुणाला?" आबा.

"बॅरेजवरल्या. सगळी दुनिया बसायला येऊन गेली. रंगनाथ ज्याच्या पाण्यात मेला तो नाही आला. त्याला घेऊन या. माझ्या दारात बसू द्या."

आबा लगेच म्हणाले, "आणतो की. आमची पन्नास पोरं जातेत आणि उचलून..."

"पोरं नको. तुम्ही दोघं जा. एका गाडीवर."

मी म्हणलं, "काकू, मी कशाला? आबा आणतील."

"एकट्या आबानं आणला तर तो भिऊन येईल. एकट्या तू आणला तर फोटो काढायला येईल. मला माणूस बसायला आलेला पाहिजे."

 मी उठलो आणि सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. दुखवट्याच्या घरातून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. नुसतं उठायचं, चपला घालायच्या, चालायला लागायचं. मागं बघायचं नाही. 'येतो' म्हणलं की परत अशाच कामाला यावं लागतं म्हणतात. मला माहीत होतं, पण तोंडाला कळत नाही.

गाडीजवळ आल्यावर आबा म्हणाले, "सोशल मीडिया प्रमुख म्हणे. दुखवट्यातून उठता येईना."

तर असे आम्ही बॅरेजच्या इंजिनियरच्या, इंगोले साहेबांच्या क्वार्टरला.

आतमध्ये एक पलंग, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरीवर टॉवेल. साहेबांचं कुटुंब नगरला असायचं, मुलींच्या शाळेसाठी. साहेबांनी तोंड पुसलं. साबण कानाजवळ तसाच राहिला.

"चौकशी चालू आहे," ते म्हणाले. "मला काही बोलता येत नाही. कार्यकारी अभियंत्यांची परवानगी लागेल."

"बसायला यायला परवानगी लागती?" आबा.

"तुम्हाला कळत नाही असं नाही, आबा. मी तिथं गेलो म्हणजे चूक मान्य केली. उद्या तुमचाच पक्ष ते विधानसभेत मांडेल. आणि यांचा पक्ष मला तिथंच सोडून देईल." माझ्याकडं बोट केलं.

 खरंच होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वसंतभाऊ. खोली एवढीशी, आणि भाऊंचा आवाज मेळाव्यात माईकशिवाय शेवटच्या रांगेत जातो असा. स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"परम्या, कुठं आहेस रे? टेकाळ्याला गाडीवर घेऊन हिंडायलास म्हणे?"

"भाऊ, भामाकाकूनं..."

"ते मला सांगू नको. इंगोलेला हात लावू द्यायचा नाही कुणाला. आपला माणूस आहे तो. त्याची बदली मी थांबवलीय. कळलं का? आपला माणूस आहे."

फोन बंद झाला. साहेब पलंगावर बसले.

"मी इथं आलो तेव्हा आबांचं सरकार होतं," ते म्हणाले. "तेव्हा तुमचे भाऊ मला टेकाळ्यांचा माणूस म्हणायचे. भर बैठकीत. आता मी भाऊंचा माणूस. दोन वर्षांनी परत आबांचा होईन. मध्ये माझं मला काही विचारत नाही कुणी."

"मी विचारतो," आबा म्हणाले. "भोंगा वाजवला का?"

साहेब खिडकीकडं बघत राहिले. खिडकीतून बॅरेजचे दरवाजे दिसत होते, आता सगळे बंद, शांत.

"भोंगा तुमच्या काळात बसला, आबा. नारळ तुम्हीच फोडला होता. उद्घाटनाला वाजला. पुढच्याच वळवात वायरिंग जळालं. दुरुस्तीचं मागितलं, तुमच्या सरकारनं दिलं नाही. मग यांचं आलं. यांनीही दिलं नाही."

"नारळ फोडला म्हणून भोंगा काय मी बनवला का?"

"भोंगा नसला की खात्याची जीप पाठवायची असते. नदीच्या कडेनं ओरडत जायचं, बाहेर या म्हणून. तेही मला माहीत आहे. जीप त्या दिवशी..." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ढवळे, तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. जीप भाऊंच्या मेळाव्याला माणसं आणायला गेली होती. मंडपाच्या फोटोत ती मागं उभी दिसत होती.

 मग आबा हळू आवाजात म्हणाले. आबांचा हळू आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"ठीक आहे साहेब. भोंगा माझा. जीप याची. पण गेट कुणी उघडलं?"

"वरून फोन आला होता. पाणी थांबवलं असतं तर..."

"गेट कुणी उघडलं?"

"मी."

"मग चला."

साहेबांनी दोरीवरचा शर्ट काढला. पांढरा, इस्त्रीचा. बटणं एक घर चुकवून लावली, आबांनी बघितलं आणि नजर दुसरीकडं केली.

जीप नव्हतीच. ट्रिपल सीट निघालो. पुढं मी, मध्ये साहेब, मागं आबा. कच्चा रस्ता, सगळे खड्डे. आबांचं वजन तुम्हाला माहीत नाही. प्रत्येक खड्ड्याला ते साहेबांवर आणि साहेब माझ्यावर. मागून आबा सारखे म्हणत होते, "बघून चालव रे, सरकार तुमचं आहे तर रस्ता तरी बघून चालव."

काकूच्या दारात गर्दी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. आम्ही उतरलो. मग कुणीतरी म्हणालं, "फासली का?"

मी वळून बघितलं. साहेबांच्या पाठीवर, बरोबर मधोमध, ताटलीएवढा काळा डाग. खाली ओघळ चाललेला. आबांचा खिसा तर पार काळा.

"अरे देवा," आबा म्हणाले. "टोपण ढिलं होतं."

"वा आबा! गाडीवरच उरकलं!" त्यांचीच पोरं.

"उरकलं नाही रे, गळली!"

आजपर्यंत त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवलेला नाही. पोरांनी फोन वर काढले. साहेबांना काहीच कळेना, ते मागं हात नेऊन चाचपायला लागले, आणि बोटं काळी झाली. ती बोटं बघत उभे राहिले. मला वाटलं आता माघारी फिरतील.

काकू उंबऱ्यात आली.

"कुणी केलं हे?"

"भामा, आईशप्पथ, आपोआप..."

"काढा तो शर्ट," ती साहेबांना म्हणाली. "शाई लावलेला माणूस मला दारात नको. शाई लावली की माणूस बिचारा होतो. मला बिचारा नको. परमेश्वर, तुझा शर्ट दे त्यांना."

मी दिला. साहेबांना तो पोटावर घट्ट झाला, मधलं बटण लागलंच नाही. मी बनियनवर. साहेब हात धुऊन सतरंजीवर बसले. एका बाजूला मी, एका बाजूला आबा.

"आणि फोन खाली," काकू म्हणाली. "हे टीव्हीचं नाही. माझ्या घरातलं आहे."

पोरांनी फोन खिशात घातले. आबांच्या पोरांनीसुद्धा. माझाही हातात होता. मी तो उलटा करून सतरंजीवर ठेवला.

 शेजारी कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग काकू म्हणाली, "भोंगा वाजला होता का, साहेब?"

साहेबांनी आबांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही वाजला."

"गाडी आली होती का सांगत?"

"नाही."

"पेपरात आलं की इशारा दिला होता."

"ते मी कळवलं होतं वर."

"आणि दारू?"

"ते मी लिहिलं नाही." साहेब थांबले. "पण माझ्यासमोर आलं तेव्हा मी खोडलं नाही."

काकूनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली, जसं काही ती आतल्या आत दुसऱ्या कुणाला सांगत होती.

"प्यायचा तो," ती म्हणाली. "पोळ्याला, शिमग्याला. कधी मध्येच. मी देवमाणूस होता म्हणत नाही. पण त्या दिवशी प्यायला नव्हता. भाकरी खाल्ली, मिरचीवर तेल मागितलं, आणि गेला. शुद्धीत गेला. त्याला ओरडून सांगितलं असतं तर ऐकू आलं असतं."

"हो," साहेब म्हणाले.

एवढंच. रडणं नाही, पाया पडणं नाही. मला तर वाटत होतं काहीतरी मोठं होईल. झालं नाही. साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले, हात जोडले, आणि पंचवीस वर्षं लोकांच्या घरातून, कचेऱ्यांतून उठताना जे म्हणत आले ते त्यांच्या तोंडातून निघालं.

"येतो मी."

ओसरीवरची एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला. आबांनी कपाळाला हात लावला. चिमटा काढायला त्यांना उशीर झाला होता. साहेबांच्याही लक्षात आलं. शहरातले असले तरी मराठीच माणूस. चेहरा उतरला.

"माफ करा, मला तसं..."

"या," काकू म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"बोलून गेलात ना? मग या. आपल्या बाजारच्या दिवशी या. भोंगा नीट झाला का ते सांगायला या. नाही झाला तरी या, आणि नाही झाला म्हणून सांगा. इथं बसून. मी दारातच असते."

साहेबांनी चपला घातल्या. त्या दिवशी त्यांनी मागं वळून बघितलं.

पुढचं सांगायला फार काही नाही. दुसऱ्या दिवशी चॅनलवाले आले, आबांनी शाईचं रद्द केलं होतं, वरून शिव्या खाल्ल्या. मला भाऊंनी ग्रुपमधून काढून टाकलं, आठवड्यानं परत घेतलं, कारण दुसऱ्या कुणाला बॅनर करता येत नव्हते. चौकशी झाली. मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा, असं ठरलं. ओसरीवर जे बोललं गेलं ते ओसरीवरच राहिलं. बाहेर त्याला किंमत नव्हती. साहेबांनीही बाहेर कधी म्हणलं नाही, आणि ते मला अजून पटलेलं नाही.

पण बाजारच्या दिवशी ते आले. भाजीची पिशवी हातात, आपल्यासारखे. सतरंजीवर बसले. "नाही झाला अजून," म्हणाले. थोडा वेळ बसले आणि उठले. "येतो," म्हणाले. आता म्हणावंच लागत होतं.

परत आले. परत "नाही झाला."

माझं दुकान काकूच्या घरासमोरच. मला सगळं दिसायचं. उन्हाळ्यात टोपी घालून, पावसात छत्री घेऊन. काकू तोपर्यंत दुसऱ्याच्या शेतात जायला लागली होती. कुंकू सोडून बाकी सगळं पहिल्यासारखं. घरी कुणी आलं की चहा करायची. साहेबांना तिनं एकदाही चहा विचारला नाही. दुखवट्याला आलेल्या माणसाला विचारत नाहीत.

दीड वर्षानं सरकार बदललं. आबांचा पक्ष आला. साहेब आबांचे झाले. मग भाऊ मला म्हणाले, "परम्या, त्या इंगोलेचं प्रकरण काढ बरं. माणूस मेलाय, आपण गप्प कसे बसू? शाईचं बघ काहीतरी." मी म्हणलं, "भाऊ, मागच्या वेळची अजून माझ्या गाडीच्या सीटवर आहे." खरंच आहे, निघत नाही.

आणि एक दिवस आबा माझ्या दुकानात येऊन टेकले. थकल्यासारखे.

"वरून सांगितलंय, इंगोलेला भामाच्या घरी जाऊ देऊ नका. आपल्या सरकारची बदनामी होते."

"मग सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आबा, तुम्हीच नेलं होतं." आबांनी चष्मा काढून पुसला. "आपलं सरकार आलं रे पोरा. मला वाटलं होतं, आल्यावर आधी भोंगा होईल."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार.

भोंगा झाला तो त्यानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर. कसा झाला, कुणी मंजूर केला, मला माहीत नाही. एवढं ऐकलं की साहेब खेटे घालून घालून त्या कचेरीत नकोसे झाले होते, आणि शेवटी कुणीतरी वैतागून सही केली. नंतर गावात दोन बॅनर लागले, दोन्ही पक्षांचे, समोरासमोर. पाठपुराव्याला यश. त्यातला एक मीच केला होता.

पण ते नंतर. ज्या दिवशी झाला तो बाजारचा दिवस होता. दुपारी साहेब आले, पिशवी खाली ठेवली, बसले. काकू दारात तांदूळ निवडत होती. साहेब काहीच बोलेनात. तिनं वर बघितलं.

"नाही झाला?"

साहेबांनी नुसता हात वर केला. थांबा, असं.

आणि बॅरेजकडून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग चढत चढत इतका मोठा की माझ्या काउंटरची काच थरथरली. पारावरची माणसं उठली. नदीकडून पोरं, बाया, धुणं टाकून पळत वर आल्या. कुणीतरी ओरडत होतं, पाणी आलं, पाणी आलं. पाणी आलं नव्हतं. नुसता तो वाजत होता.

काकू उठली नाही. सुपातले हात तसेच ठेवून ऐकत राहिली, शेवटपर्यंत, पार विझेपर्यंत. मग म्हणाली,

"डोहापर्यंत ऐकू गेला असंल."

"गेला असेल," साहेब म्हणाले. "डोहावर माणूस उभा केलाय मी. फोन करतो म्हणालाय."

फोन आला. साहेबांनी ऐकला, मान हलवली.

"गेला."

काकू परत तांदळाकडं वळली. एक खडा काढून अंगणात टाकला.

"आता नाही आलात तरी चालंल, साहेब."

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले. हात जोडले. तोंड उघडलं, मी समोरून बघत होतो, उघडलं आणि तसंच मिटलं. चपला घातल्या, पिशवी उचलली आणि चालायला लागले. माझ्या दुकानासमोरून गेले, पाराजवळून गेले.

मागं बघितलं नाही.